पांढऱ्याखालचं लाकूड

माझ्या घरातलं जुनं लाकूड सगळं पांढरं आहे. दोन दारांचं कपाट, रुग्ण तपासायचं मेज, औषधांची मांडणी, नातेवाइकांना बसायला केलेलं बाकडं. गावाकडचा पाहुणा आला की विचारतो, "एवढ्या चांगल्या सागवानाला ऑइलपेंट कामून फासला?" पुण्याकडचा आला तर हल्ली असं पांढरं फर्निचर फार चालतं म्हणून कौतुक करतो. दोघांनाही माझं उत्तर लांबतं, कारण त्यात माजलगावचं धरण येतं, माझा दवाखाना येतो आणि ज्यांना सगळं गाव पेंटर चाचा म्हणायचं ते येतात. चाचांचं खरं नाव इथे देत नाही. गावभर दुकानांच्या पाट्या त्यांनी रंगवल्या, पण पाटीच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव कधी टाकलं नाही. मी ते छापून आणलेलं त्यांना रुचलं नसतं. त्यांचं देणं मात्र माझ्याकडे आहे, आणि ते कुठेतरी लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात आहे.

आधी लाकडाचं सांगते. आमचं गाव सिंदफणेच्या काठावर होतं. पैठणहून उजव्या कालव्याने येणारं गोदावरीचं पाणी आणि सिंदफणेचं पाणी साठवायला जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यात माजलगावला धरण झालं. 1987 साली ते पूर्ण झालं तेव्हा मी नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात शिकत होते. गाव त्याआधीच उठलं होतं. आमचं घर लादनीचं. सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. अशा घरात छताचा भार लाकूड पेलतं, म्हणून घराची खरी किंमत लाकडात असते. गाव सोडताना लोकांनी दगड तिथेच ठेवले आणि लाकूड काढलं. वरची माती खाली लोटली, फळ्या सोडवल्या, बैलगाडीत भरल्या. माय प्रत्येक खांबाला हळदकुंकू लावत होती आणि आबा तिला घाई करत होते, कारण गाडी मागून आणलेली होती आणि दुपारी ती शेजारच्या घराला द्यायची होती.

नव्या गावठाणात सिमेंटचं घर उभं राहिलं ते तुळया विकून. आबांनी विकलं नाही ते एवढंच: दिंडी दरवाजाची एक फळी, आजोबांचं दोन दारांचं कपाट आणि माजघरावरच्या काही फळ्या. गोठ्याच्या कोपऱ्यात ते सगळं रचून ठेवलेलं असायचं. वर कडब्याच्या पेंढ्या.

1991 मध्ये मी माजलगावला दवाखाना काढायचं ठरवलं. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, मोंढ्याजवळ दोन खोल्या भाड्याने घेतलेल्या. बायांना तपासायला बाई डॉक्टर त्या वेळी आमच्या भागात फार थोड्या होत्या, त्यामुळे दवाखाना चालेल याबद्दल मनात शंका नव्हती. चालू कसा करायचा, हा प्रश्न होता. बीडला जाऊन लोखंडी सामानाचा भाव काढून आलो. तपासणीचं टेबल, औषधाचं कपाट, स्टूल, पडद्याची चौकट. तेवढे पैसे साठवायचे तर वर्षभर थांबावं लागलं असतं. आबा म्हणाले, "गोठ्यात आहे ते घेऊन जा की." सुताराने दिंडीच्या फळीला निंबाचे चार पाय लावून तपासणीचं मेज केलं. उरलेल्या फळ्यांतून बाकडं आणि मांडणी निघाली. कपाट तसंच्या तसं आणलं.

सुतारकाम चोख होतं, तरी ती लाकडं दवाखान्याची वाटेनात. दाराची फळी बाहेरच्या अंगाने उन्हापावसाने करडी पडलेली, आतल्या अंगाने चुलीच्या धुराने काळी. कडीकोयंड्याची भोकं, मोठाल्या खिळ्यांची भोकं, एका कडेला वाळवीने पोखरलेली नाळ. तिच्यावर कुणा बाळंतिणीला झोपवायचं म्हटलं तर माझाच जीव धजत नव्हता. मला पांढरं हवं होतं. जिथे रक्त सांडणार, औषध सांडणार, तिथला रंग असा हवा की एक थेंबही लपता कामा नये, हे शिकतानाच डोक्यात बसलं होतं.

चाचांचं पत्र्याचं शेड मोंढ्याच्या तोंडाशी होतं. शटरवर त्यांनी स्वतःच्या हाताने गट्टू काढलेला: एशियन पेंट्सच्या डब्यावरचा तो पोरगा, कपाळावर केसांची झुलपी, हातात बुरूस, आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली काढलेला. चाचांचा गट्टू मूळच्यापेक्षा जरा गंभीर आणि सावळा होता, मला तोच जास्त आवडायचा. 1942 साली मुंबईत चार मित्रांनी काढलेली ती कंपनी खेड्यापाड्यांत पोचली ती छोट्या डब्यांमुळे, असं सांगतात. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला शेतकऱ्याला थोडाच रंग लागतो, हे तिने हेरलं. आमच्याकडे ते डोळ्यांनी पाहायला मिळायचं. श्रावण सरत आला की चाचांच्या शेडपुढे लाल, हिरव्या, निळ्या वार्निसच्या डब्या मांडलेल्या असायच्या आणि आबांचं बोट धरून मी दरवर्षी तिथे गेलेली होते. त्यामुळे दवाखान्याचं काम घेऊन गेले तेव्हा मला स्वतःची ओळख सांगावी लागली नाही.

चाचा आले, मेजावर नजर टाकली आणि कपाटापाशी जाऊन थांबले. दारावरून तळहात वर-खाली फिरवला. "बाई, सागवान हाय हे. जुनं. पालिश करू की, लई खुलंल. पांढरं कामून?"

मी कारण सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"हौ. दवाखान्याला पांढरं लागतंच." मग पुन्हा कपाटाकडे बघून म्हणाले, "पर ह्याला मला थोडा येळ द्या."

कपाट त्यांच्या शेडात गेलं. मेज खोलीच्या दारातून बाहेर निघेना म्हणून त्याचं काम माझ्यासमोरच झालं, आणि ते मी सगळं पाहिलं. दवाखाना अजून उघडलेला नव्हता, रुग्ण नव्हते, मला दुसरं काम नव्हतं.

दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. कारखान्याचा हंगाम सुरू झाल्याने रस्त्याने उसाच्या गाड्यांची वर्दळ आणि दिवसभर धूळ. ओल्या रंगाचं धुळीशी वाकडं. चाचा उजाडताच यायचे, फरशी पुसून घ्यायचे, दारात ओलं पोतं टांगायचे आणि ऊन चढून वारा सुटायच्या आत रंगाचा हात आटपायचे. घासणं, भरणं, खरवडणं ही धुळीची कामं दुपारची. आपल्याकडे रंगाला हीच हवा चांगली, असं त्यांचं म्हणणं. चैत्र-वैशाखात वरची साय लगेच धरते, आतलं ओलंच राहतं आणि मग सुरकुत्या पडतात. पावसाळ्यात चपडा ढगाळतो.

सुरुवात धुण्यापासून. धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्याने त्यांनी फळी घासली. बादलीतलं पाणी काळं होत गेलं, आमच्या स्वयंपाकघराचा कितीतरी पावसाळ्यांचा धूर त्यात उतरत होता. मग साध्या पाण्याने पुसून फळी सावलीत वाळू दिली. उन्हात ठेवली असती तर तडकली असती. वाळवीच्या नाळीत आधी औषध ओतलं. खिळ्यांची भोकं भुशाने भरली, आणि भुसा विकतचा नाही, त्याच फळीच्या कडेचा, फेव्हिकॉलमध्ये कालवलेला. कडीचं भोक मोठं होतं. त्यात भुसा टिकणार नाही म्हणून त्यांनी फळीच्याच तुकड्याची गुल्ली तासली, आत ठोकली आणि वरून सपाट केली. आजही त्या जागेवर बोट फिरवलं तर किंचित खळगा लागतो.

मग काचपेपर. आधी जाड, मग बारीक, आणि हात कायम हिरेच्या दिशेने. आडवा मारलेला पेपर पांढऱ्याखाली ओरखडे सोडतो आणि पांढरं काहीच लपवत नाही, उलट सगळं दाखवतं.

मेजाच्या निंबाच्या पायांना गाठी होत्या. चाचांनी काचेच्या बरणीतून चपड्याचं लालसर पाणी काढलं आणि प्रत्येक गाठीला बुरसाने दोनदा लावलं. मी विचारलं, हे कशाला? "गाठ मुकी नसती, बाई. आत्ता वरून पांढरं मारा, उन्हाळ्यात ती रडंल." पुढे मी वाचलं तेव्हा त्याचं कारण कळलं. गाठीतली राळ आणि सागासारख्या लाकडातलं तेल, रंगद्रव्य रंगाच्या थरातून झिरपून वर येतं आणि पांढऱ्यावर पिवळे-तपकिरी डाग उमटतात. वरून कितीही हात मारले तरी डाग येतच राहतात. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, पण तेलात किंवा पाण्यात विरघळत नाही, म्हणून तो मध्ये भिंत होऊन उभा राहतो. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या लाखेच्या किड्यांपासून तो मिळतो आणि तो विरघळवणारं स्पिरिट उसाच्या मळीपासून निघतं. आमच्या शिवारात पळसही आहे आणि ऊसही.

चपडा वाळल्यावर प्रायमरचं अस्तर, अस्तरावर लांबी. खडूची पूड आणि तेल घोटून केलेली ती लांबी चाचा पोलादी पत्तीने इतकी पातळ ओढायचे की फळीवर काही लागलंय की नाही कळायचं नाही. जाड लांबी पुढे पोपडे धरते. ती वाळली की पुन्हा पेपर, पुन्हा अस्तर. खरा पांढरा रंग येईपर्यंत आठवडा उलटून गेला होता आणि मी मनातल्या मनात दवाखान्याच्या उद्घाटनाची तारीख पुढे ढकलत होते.

शेवटी डबा उघडला. काठीने तळापर्यंत ढवळून, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून, टर्पेंटने पातळ करून त्यांनी रंग दुसऱ्या भांड्यात घेतला. मग कागदाच्या पुडीतून निळा रंग बोटाच्या पेरावर घेतला आणि त्या पांढऱ्यात कालवला. मला वाटलं, पांढरं बिघडलं. ढवळल्यावर निळा कुठेच दिसेना, पण पांढरं जास्त पांढरं दिसायला लागलं. मायसुद्धा चुन्यात नीळ घालायची, तेच हे. तेलाच्या पांढऱ्यात मुळात पिवळी झाक असते, ती या निळ्याने मरते. दोन पातळ हात मारले, मधे एक दिवस जाऊ दिला. प्रत्येक हात झाला की कंदील जमिनीवर ठेवून कडेच्या उजेडात ओघळ शोधायचे आणि सापडला की बुरसाच्या टोकाने उचलून घ्यायचे.

जाताना त्यांनी एक सांगितलं ते मी पुढे सगळ्यांना सांगत आले. तेलाचा पांढरा अंधारात पिवळा पडतो. कपाटाच्या आतली बाजू, भिंतीकडची बाजू आधी पिवळी होते. घाबरून लगेच नवा हात मारायचा नाही. दारं उघडी टाकून कपाटाला चार दिवस उजेड दाखवायचा, पिवळेपणा पुष्कळसा परततो. मी ते करून पाहिलं आहे आणि ते खरं आहे.

पैशांचं बोलणं मी काढलं तेव्हा चाचा म्हणाले, "पेशंट येऊ द्या. मग बघू." डबे त्यांनी स्वतःच्या पैशांनी आणलेले, शेडाचं भाडं त्यांना होतं, घरात खाणारी तोंडं होती. आमच्या जिल्ह्यात आधी घेतलेल्या पैशाला काय अर्थ असतो हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो, आणि ती उचल फेडायला दसरा-दिवाळीनंतर अख्खं बिऱ्हाड बैलगाडीत नाहीतर ट्रकमध्ये घालून पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जातं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हिशेब कोयत्याचा. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला तोच मुकादम, तोच फड. माझ्या मावशीचं घर असं कितीतरी वर्षं बांधलेलं मी पाहिलं होतं. त्यामुळे कुणाचे पैसे अंगावर घ्यायचे म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. चाचांच्या उधारीने मात्र मला कधी तसं वाटू दिलं नाही. दवाखाना सुरू झाल्यावर महिना दोन महिने ते तिकडे फिरकलेच नाहीत. पुढे मीच जाऊन थोडे थोडे देत गेले, त्यांनी एका कागदावर लिहून दिलं होतं: प्रायमर, पांढरा, टर्पेंट, पेपर, मजुरी. त्या कागदाप्रमाणे सगळं फिटलं आणि कागद मी देवघरातल्या डब्यात ठेवला.

मेजाची पहिली भीती वाटली ती रुग्णांना. फडावरून परतलेल्या बाया पाडव्यानंतर तपासायला यायच्या. पायांना भेगा, हातांना उसाच्या पात्याने चिरलेल्या रेघा, आणि पांढरं मेज बघून त्या खालीच बसायच्या. "बाई, पाय मळके हायती." एकदा चाचा कसल्या तरी किरकोळ कामाला आले असताना हे त्यांच्या कानावर पडलं. ते त्या बाईला म्हणाले, "माय, मी रंगवलंय ते. धुतलं की निघतं. झोप तू." ती झोपली. पुढे हेच वाक्य मी माझं करून टाकलं आणि बायांना सांगत राहिले. कोण कोण त्या मेजावर झोपून काय काय बोललं ते माझ्यापाशीच राहील. एवढं सांगते की 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायांची पाहणी केली आणि त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली, तेव्हा राज्याला धक्का बसला. माझ्या मेजावर त्यातल्या काहीजणी कितीतरी आधी झोपून गेल्या होत्या. त्या आकड्यामागचे चेहरे मला पांढऱ्या फळीवर दिसतात.

दवाखाना सुरू होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. चाचा स्वतः रुग्ण म्हणून आले. पोटात पिळ पडायचा, भूक गेलेली, चेहरा फिका, मनगटात जोर नाही. तोंड उघडायला सांगितलं तर हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ. रसशास्त्रात आणि अगदतंत्रात शिसं पोटात गेल्यावर काय होतं ते शिकले होते, पण पुस्तकातली रेघ ओळखीच्या माणसाच्या तोंडात बघणं वेगळं. मी त्यांना त्यांच्या कामाचं विचारत गेले आणि त्यांचं सगळं आयुष्य उलगडलं. निजामाच्या राज्यात जन्म, लहानपणीच परभणीला एका उस्तादाकडे कामाला. उस्ताद सफेदा जवसाच्या तेलात घोटून पांढरा करायचे, घोटायचं काम पोराकडे. तो सफेदा शिशाचा. पुढे तयार डबे आले, पण जुन्या वाड्यांची दारं-खिडक्या कोरडीच खरवडायची, कधी बत्तीने जाळून रंग काढायचा, आणि त्याच हाताने फडक्यातली भाकरी सोडायची.

मी त्यांना अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनीही पहिला प्रश्न कामाचाच विचारला, आणि जुन्या रंगाच्या धुळीपासून लांब राहायला सांगितलं. चाचांनी काम सोडलं नाही. पद्धत बदलली. जुना रंग ओला करूनच घासायचा, तोंडाला फडकं, साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात नाही, आणि पोरांना खरवडायच्या जागी उभं राहू द्यायचं नाही. हळूहळू पोटाचा पिळ कमी झाला, चेहऱ्यावर रंग आला. मनगटातला जोर मात्र पुरता परतला नाही. पाट्यांवरची बारीक अक्षरं त्यानंतर त्यांचा मुलगा काढायचा.

प्रत्येक वेळी तपासून झालं की ते फी मेजावर ठेवायचे. मी नको म्हटलं तर म्हणायचे, "माझी मजुरी मी घेतली ना? मग तुमची तुम्ही घ्या." मला वाटायचं, आमच्यात आता काही देणंघेणं उरलेलं नाही, नुसती माया आहे.

2014 च्या उन्हाळ्यात चाचा गेले. करोनाची लाट ओसरल्यावर मीही दवाखाना बंद केला. गुडघे बोलायला लागले होते, आणि गावात चांगल्या शिकलेल्या तरुण बाई डॉक्टर आल्या होत्या. सामान घरी आणलं. कपाटाचं एक दार घासत होतं म्हणून सुताराला बोलावलं. त्याने दार उतरवलं आणि जाड झालेले पांढऱ्याचे थर काढायला घेतले. ओलं करूनच, ते मी आधी बजावलं होतं. थोड्या वेळाने त्याने मला हाक मारली.

"मॅडम, हे आधी कुणी पालिश केलं होतं?"

पांढऱ्याखाली अस्तर, अस्तराखाली लांबी, आणि लांबीखाली नुसतं लाकूड नव्हतं. पूर्ण पॉलिश होतं. वरवर मारलेला चपडा नव्हे, बोळ्याने चढवलेलं, पूड मारून हिरेची भोकं बुजवलेलं, चांगलं जाड पॉलिश. ओल्या फडक्याने पुसल्यावर सागाची हीर वरपासून खालपर्यंत स्पष्ट दिसली, आजोबांच्या हयातीत मी ती तशी कधी पाहिली नव्हती. आमच्या घरी त्या कपाटाला आयुष्यात पॉलिश झालं नव्हतं, गोठ्यातून ते रखरखीत निघालं होतं हे मला पक्कं आठवतं.

देवघरातल्या डब्यातला कागद काढला. प्रायमर, पांढरा, टर्पेंट, पेपर, मजुरी. चपडा नाही, स्पिरिट नाही, पॉलिशची मजुरी नाही.

चाचांच्या मुलाचं आता रंगाचं मोठं दुकान आहे. मी त्याला विचारलं तेव्हा तो लगेच म्हणाला, "हां, ते कपाट. मी शाळेतून आलो की अब्बा बोळा माझ्या हातात द्यायचे. मी विचारलं होतं, वरून पांढरंच मारायचंय तर हे कशाला? अब्बा म्हणाले, झाकायचं तर आधी त्याचं सगळं करून झाकावं. बाईच्या पोरीबाळींना उद्या पांढरं नको वाटलं, तर खाली लाकूड तयार पाहिजे."

तेव्हा मला मूलबाळ नव्हतं.

मला आलेल्या बहुतेक देण्यांचा मी हिशेब ठेवला आहे आणि जमेल तसा तो चुकताही केला आहे. आबांचं, शाळेच्या गुरुजींचं, नांदेडच्या वसतिगृहात मला जेवू घालणाऱ्या बाईंचं. त्यांना निदान कळत होतं की मला कळतं आहे. चाचांनी ही वस्तू दिली ती मला न सांगता, आणि पुढची कितीतरी वर्षं माझ्यासमोर बसून फी मोजून देत राहिले. त्यांच्या मुलाला मी पॉलिशचे पैसे देऊ केले. तो हसला नाही, रागावलाही नाही, म्हणाला, "अब्बांनी लिहिलं नाही, म्हणजे ते माझं येणं नाही."

माझी मुलगी पुण्यात असते. तिने जुन्या बाजारातून सागवानी आरशाचं टेबल घेतलं आणि ते पांढरं करायचं म्हणून मला फोन केला. मी तिला आधी फोटो पाठवायला सांगितला. लाकूड एकजीव आणि पॉलिश शाबूत असेल तर पांढरं करू नये, या मताची मी झाले आहे. फॅशन चार वर्षांत बदलते. पण तिच्या टेबलाचे पाय वेगळ्या लाकडाचे, पाठीमागे प्लायवूड, वरची फळी पाण्याने फुटलेली. अशा सरमिसळ लाकडाला पांढरा रंगच एकत्र आणतो. तिला म्हटलं, दुकानदार पाण्याचा रंग देईल आणि घासाघाशी नको म्हणेल, ऐकू नको. आधी चपडा, नाहीतर साग महिन्याभरात पिवळं ओकेल. जुना रंग असेल तर कोरडा घासू नको, घरात लहान मूल आहे. डब्यावर शिशाचं प्रमाण बघून घे. 2016 च्या नियमांनी घरगुती रंगांत दहा लाख भागांत 90 भागांहून जास्त शिसं चालत नाही, 1 नोव्हेंबर 2017 पासून ते लागू आहे. नव्या डब्याची काळजी त्यामुळे कमी झाली, जुन्या दारांची नाही. जुन्या लाकडावर काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. निळ्या रंगाचं मी सांगायला विसरले होते, तो तिनेच विचारला. लहानपणी दवाखान्यात चाचांना पेरावर निळा घेताना तिने पाहिलं होतं.

उतरवलेलं कपाटाचं दार दोन दिवस तसंच भिंतीला टेकवून ठेवलं होतं. नवरा म्हणाला, दोन्ही दारं उघडी करू, सुंदर दिसेल. मी एकाच दाराची आतली बाजू पॉलिशची ठेवली आणि बाकी सगळं पुन्हा पांढरं केलं, माझ्या हाताने. पॉलिश त्यांनी दिलं तसं पांढरंही त्यांनीच दिलं आहे, आणि मी मागितलं होतं ते पांढरं.

तेव्हापासून हिवाळ्यात आमच्या अंगणात हे काम चालूच असतं. गल्लीतली मंडळी मोडकी टेबलं, पोरांची अभ्यासाची मेजं, देवघरं आणतात. सामानाचे पैसे घेते. चपड्याचे घेत नाही. दोन पोरी शिकायला येतात, एक बारावीची, एक नुकती फडावरून सुटलेली, आता गावातच राहायचं म्हणणारी. तिचा हात पत्तीवर माझ्यापेक्षा हलका चालतो. सध्या अंगणवाडीचं एक कपाट आलं आहे, निंबाचं, गाठीच गाठी, आणि त्यावर कुणीतरी कधीकाळी मारलेला हिरवा रंग. तो ओला करून काढून झाला, धुऊन वाळलं, भोकं भरली. चपडा काल रात्रीच स्पिरिटमध्ये भिजत घातला आहे. आता पोरी आल्या की गाठी बुजवायच्या, आणि उद्या वारा सुटायच्या आत अस्तराचा पहिला हात बसला पाहिजे.